वाळक्या झाडावरचे रहिवासी

मागच्या भिंतीला लागून एक वाळकं झाड होतं आणि त्याच झाडाखाली सेक्रेटरीच्या नव्या गाडीला जागा मिळाली होती. कुरबुरीला एवढं कारण पुरतं. भिंतीपलीकडे जंगल सुरू होत असे. हे झाडही खरं तर तिकडचंच, पण भिंत बांधताना गवंड्याची दोरी जराशी सरकली आणि झाड सोसायटीच्या हद्दीत राहून गेलं. त्याला पान नव्हतं, फूल नव्हतं, सावलीचा तर प्रश्नच नव्हता. साल मात्र भरपूर होती आणि तिचे पापुद्रे सुटून रोज सकाळी गाडीच्या टपावर येऊन पडत. सालीबरोबर काळे, बारीक दाणेही पडत. हे उंदरांचं काम आहे असं सेक्रेटरीचं मत होतं. उंदीर झाडावर कशाला राहायला जातील, असं त्याच्या बायकोचं मत होतं. एरवी मतभेद तिथेच मिटला असता, पण गाडी नवी होती आणि आयुष्यातली पहिली होती.

त्याला सगळे सेक्रेटरीच म्हणत. नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. सासूबाईसुद्धा फोन केला की आधी "सेक्रेटरी जेवले का?" असं विचारत. नोकरी विमा कंपनीत. लोकांच्या गाड्यांना काय काय झालं याचे दावे तपासायचे आणि ते का मंजूर होऊ शकत नाहीत हे नम्र शब्दांत कळवायचं, हे त्याचं काम. झाडाची साल पडून टपाचा रंग गेला, असा दावा त्याच्याच टेबलावर आला असता तर 'नैसर्गिक झीज' असा शेरा मारून त्याने तो परत पाठवला असता. हे ठाऊक असल्यामुळे तर त्याला जास्तच राग येत होता.

राग आला की इतर माणसं ओरडतात. सेक्रेटरी ठराव मांडत असे. रीतसर ठराव करून सुटणार नाही अशी अडचण जगात नाही, यावर त्याची गाढ श्रद्धा होती. बैठक भरली ती नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या दवाखान्यात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांच्यासमोर तोंड उघडायला लोक कचरत, त्यामुळे बैठका लवकर संपत, आणि याच एका गुणावर ते दरवर्षी बिनविरोध निवडून येत. वाळकं झाड काढून त्या जागी गाड्यांसाठी शेड उभारावी, हा ठराव एकमताने मंजूर झाला. जिन्यात पिवळा बल्ब लावायचा की पांढरा, यावर ज्या सोसायटीचं अजून एकमत झालेलं नव्हतं, त्या सोसायटीत हे घडलं. सेक्रेटरीला त्या दिवशी शांत झोप लागली.

मेलेल्या झाडाला तोडायची परवानगी कशाला लागते, असं कुणालाही वाटेल. त्यालाही वाटलं होतं. पालिकेच्या उद्यान विभागात विचारलं, झाड जिवंत आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा संबंध संपला. कचरा विभागाने सांगितलं, पडलं की उचलू, पण उभं आहे तोवर तो कचरा धरता येत नाही. बांधकाम विभागाने पाया आहे का म्हणून विचारलं, आणि मुळं आहेत असं उत्तर मिळाल्यावर अर्ज पुन्हा उद्यान विभागाकडे वळवला. तिथल्या कारकुनाला या वेळी सेक्रेटरीची दया आली असावी. जंगलाची हद्द जवळ आहे, तुम्ही वनखात्यात जा, असं तो म्हणाला. वनखात्याच्या अर्जात 'झाडाची जात' असा रकाना होता. सेक्रेटरीने 'वाळलेलं' असं लिहिलं. ही जात नव्हे, असं खिडकीतून सांगण्यात आलं. मग कुणीतरी पाहणीला येईल असं ठरलं आणि तो घरी येऊन टपावरची साल झाडत बसला.

पाहणीला आल्या त्या वनअधिकारी बाई. वयाने तरुण, बोलण्यात काटकसरी. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. शिडी मागितली, वर चढल्या आणि लांब दांडीचा एक छोटा आरसा काढून सालीच्या फटीत घातला. खाली उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या नजरेत एकदम आदर आला. आयुष्यभर तेही हेच करत आले होते. बाई बराच वेळ फटीत बघत राहिल्या, मग हलकेच उतरल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यात वस्ती आहे."

"कुणाची?"

"वटवाघळांची. सगळ्या माद्या आहेत. थोड्या दिवसांत पिल्लं होतील."

"सोसायटीला न विचारता?" सेक्रेटरीच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. ही फळं खाणारी, झाडाला उघड्यावर लटकणारी मोठी वटवाघळं नव्हेत. ही जंगलातली, अंगठ्याएवढ्या अंगाची, किडे खाणारी जात. हिचे कान जवळजवळ तिच्या अंगाएवढेच लांब. हिला घर लागतं ते वाळक्या झाडाच्या सुटलेल्या सालीआड, आणि वाळकं झाड दिसलं की माणसं एकतर जळणाला नेतात नाहीतर दिसायला वाईट दिसतं म्हणून पाडतात. त्यामुळे जंगल असूनही यांना जंगलात जागा मिळेनाशी झाली आहे. प्रत्येक मादीला वर्षाला एकच पिल्लू. एक वस्ती उठली की ती भरून निघायला फार काळ जातो. म्हणून कायद्याने या झाडाला हात लावता येणार नाही.

हे सगळं ऐकताना सेक्रेटरीचा चेहरा दावा नामंजूर झालेल्या माणसासारखा होत गेला. बाईंना ते बघवलं नसावं. जवळच पर्यायी निवारा उभा केला आणि वटवाघळांनी तो आपणहून स्वीकारला, तर विचार करता येईल, असं त्या म्हणाल्या. पिल्लं उडायला लागली की पुन्हा पाहणी करू. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं: वटवाघळांनी पर्यायी निवारा स्वीकारल्यास झाड काढण्यास हरकत नाही. सेक्रेटरीने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. विम्यात त्याचा जन्म गेला होता. कागदावर किती वटवाघळांनी स्वीकारल्यास, हे लिहिलेलं नाही, ही गोष्ट त्याच्या ताबडतोब लक्षात आली. एकाने जरी पाऊल टाकलं तरी काम झालं. तो मनातल्या मनात खूश झाला आणि हीच खुशी पुढे त्याच्या मानगुटीवर बसणार होती.

आता निवारा म्हणजे एक लाकडी खोकं करायचं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, स्वयंपाकघराची कपाटं असतील तर सांगा, प्राण्यांची कामं मी करत नाही. तेव्हा सेक्रेटरीने स्वतःच करवत हातात घेतली. करवतीचा पहिला आवाज झाला आणि वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर साहेब खाली आले. साहेब निवृत्त होते. नोकरीत असताना त्यांनी पूल बांधले होते, आणि आपला एकही पूल पडला नाही हे ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्याला उगीचच शंका यायची. त्यांनी खुर्ची मागवली आणि देखरेखीला बसले. बाईंनी सांगितलं होतं की खोक्याला दार नको, खालच्या बाजूने नुसती फट हवी. साहेब म्हणाले, घराला खालून दार असतं का, माणूस झोपेत पडेल. मग समोर दार आलं. दाराला बिजागरी आली. हवा खेळती हवी म्हणून खिडकी आली. पावसाचं पाणी लाकडात मुरू नये म्हणून आतून-बाहेरून चकचकीत वार्निश आलं. पुढे एक छोटीशी गॅलरी काढावी असं साहेबांच्या मनात होतं, पण फळी संपली. खोकं इतकं देखणं झालं की बायको म्हणाली, "हे भिंतीवर कशाला टांगता, आपणच राहायला जाऊ."

ते भिंतीवर टांगलं आणि थोड्याच दिवसांत त्यात रहिवासी आले. खिडकीतून ये-जा दिसू लागली. सेक्रेटरी आनंदाने शिडीवर चढला, बिजागरीचं दार उघडलं आणि आतल्या गांधीलमाश्यांनी त्याचं स्वागत केलं. उजवा गाल असा सुजला की अध्यक्षांनी त्याला जिन्यात पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर व्यवसायाचं समाधान पसरलं. अक्कलदाढ, ते म्हणाले. सेक्रेटरी नाही म्हणत होता, पण सुजलेल्या तोंडाने जे काही उमटलं त्यावरून अध्यक्षांचा संशय उलट बळावला आणि त्याला खुर्चीत बसवून एक दाढ ठोकून पाहिल्यावरच त्यांनी सोडलं. इंजिनीअर साहेब दुसऱ्या दिवशी भेटून म्हणाले की बांधकामात चूक नव्हती, भाडेकरू निवडण्यात चूक झाली.

वनअधिकारी बाई दुसऱ्याच कामाने त्या बाजूला आल्या होत्या, त्यांनी खोकं पाहिलं आणि वार्निशवर नख ओढून बघितलं. मग म्हणाल्या, वटवाघूळ नखांनी धरून चढतं. या वार्निशवरून ते घसरून पडेल. वासानेच ते इकडे फिरकणार नाही. आतलं लाकूड खरखरीत हवं, जागा अरुंद हवी, त्याला पाठ आणि पोट दोन्हीकडे लाकूड लागलं पाहिजे, सालीआड लागतं तसं. आणि अंधार हवा. खोक्याच्या डोक्यावरच कंपाउंडचा दिवा होता. तिथे किडे येतील, जेवणाची सोय होईल, असा साहेबांचा हिशोब होता. ही जात उजेडाला घाबरते, उजेडातून उडतसुद्धा नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा साहेबांनी पूल पडल्यासारखा चेहरा केला.

दुसरं खोकं सेक्रेटरीने एकट्याने केलं. जुन्या मालपेटीच्या फळ्या, रंग नाही, वार्निश नाही, आतून पटाशीने ओरखडलेल्या, खाली बोटाएवढी फट. दिसायला ते इतकं ओबडधोबड झालं की सोसायटीत कुणीही ते सेक्रेटरीच्या नावाने ओळखलं असतं. कुणी त्याला टपालाची पेटी म्हणालं, कुणी बंद पडलेलं मीटर. स्वाभिमान असलेलं वटवाघूळ यात पाऊल टाकणार नाही, असं साहेबांनी जाहीर केलं आणि ते वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते ऐकवू लागले. कंपाउंडचा दिवा बंद केला त्याचा वेगळाच ताप झाला. अध्यक्ष अंधारात कुंडीला अडखळले, आणि पडता पडता त्यांना पहिल्यांदाच आपल्या रोग्यांसारखा आवाज काढावा लागला.

बाईंनी जाताना एक यंत्र दिलं होतं. माणसाला ऐकू न येणारा वटवाघळांचा आवाज त्यातून ऐकू येतो. कोण खोक्याकडे वळतंय का, यावर लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून सेक्रेटरी रोज दिवेलागणीला खुर्ची टाकून गाडीशेजारी बसू लागला. पहिल्या दिवशी त्याचा पवित्रा घरमालकाचा होता, भाडेकरू कधी निघतात ते बघायला बसल्यासारखा. अंधारून येत होतं. सालीच्या फटीतून काहीतरी घरंगळलं, खाली पडणार असं वाटलं आणि पडता पडता ते उडालं. मग दुसरं. यंत्रातून अगदी हळू टिकटिक येऊ लागली, दुसऱ्या खोलीत कुणी सुपारी कातरत असावं इतकी हळू. यंत्र बिघडलंय असं समजून त्याने बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, यंत्र ठीक आहे, ही जात कुजबुजतेच. पतंगांना कान असतात, मोठा आवाज ऐकला की ते सटकतात, म्हणून या माद्या हळू बोलतात आणि कधी कधी तर गप्प राहून पानावर चालणाऱ्या किड्याच्या पावलांचा आवाज ऐकतात.

किड्याच्या पावलांना आवाज असतो हे सेक्रेटरीच्या कधी मनातही आलं नव्हतं. फोन ठेवून त्याने खुर्ची झाडाच्या आणखी जवळ सरकवली. त्याच्या डोक्यात एकदम खूप प्रश्न आले, आणि हे त्याच्या बाबतीत नवीनच होतं, कारण इतकी वर्षं प्रश्न विचारायचे ते समोरच्याला अडवायला, अशीच त्याची समजूत होती. आता त्याला उत्तरं हवी होती, म्हणून त्याने बाईंना पुन्हा फोन लावला. सगळ्या माद्याच आहेत तर नर कुठे आहेत? ते एकेकटे राहतात, कुठल्या तरी फटीत. बायकोने हे ऐकलं आणि दोन्ही बाजू सुखी असतील असं म्हणाली. बिऱ्हाड एकाच ठिकाणी असतं का? नाही, दर काही दिवसांनी एका सालीमागून दुसरीमागे जातात, कधी जंगलातल्या दुसऱ्या वाळक्या झाडावर, आणि फिरून परत येतात. म्हणजे जंगलात अशी बरीच झाडं असावी लागतात. हेच तर म्हणतेय, असं बाई पलीकडून म्हणाल्या.

कचेरीत डब्याच्या वेळेला तो हे सगळं सांगू लागला. लोक उठून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. टपावरचा काळा दाणा, म्हणजे वटवाघळाची लेंडी, त्याने बोटांत चुरडून पाहिला, त्यातून पतंगांच्या पंखांची चमचमती भुकटी निघाली, आणि ती दाखवायला तो तसाच इंजिनीअर साहेबांकडे गेला. साहेब तेव्हा जेवायला बसले होते. त्यांच्या घरी बरेच दिवस हा विषय काढायला बंदी होती. बायको मात्र आपली खुर्ची घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसू लागली. संध्याकाळी तासन् तास दोघं एकत्र काही न बोलता बसलेत, असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

पिल्लू पडलेलं तिनेच पाहिलं. गाडीच्या पुढच्या चाकाशी काहीतरी वळवळत होतं, शेंगदाण्याएवढं, केस नसलेलं, डोळे मिटलेले, पण कान आतापासून मोठे. सेक्रेटरी गाडी पुढे घेणारच होता. किल्ली तशीच ठेवून तो गाडीतून उतरला. बाईंचा फोन लागेपर्यंत त्याला धीर धरवेना. बाईंनी सांगितलं, उघड्या हाताने धरू नका, फडक्यात घ्या, झाडाच्या खोडावर खरखरीत जागी चिकटवा आणि लांब जाऊन बसा. आई आली तर येईल. नाही आली तर, असं त्याने विचारलं. आधी लांब जाऊन बसा, असं बाई म्हणाल्या.

त्याने आपला धुतलेला शर्ट फाडून फडकं केलं. पिल्लू खोडाला चिकटलं आणि यंत्रातून एक नवाच आवाज येऊ लागला, बारीक, न थांबणारा. अंधार पडत आला. माद्या निघाल्या, एकेक करून जंगलात गेल्या. आवाज चालूच होता. बायकोने त्याचा हात धरला होता हे त्याला नंतर कळलं. मग झाडावर एक सावली उतरली. खोडावरून ती सरपटत खाली आली, पिल्लाला हुंगलं, आणि पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. एवढ्या माद्यांत हिलाच कसं कळलं, असं बायकोने विचारलं. आवाजावरून ओळखतात, असं तो म्हणाला. पोटाला पिल्लू धरून ती उडाली तेव्हा उडताना जड झाली होती. सेक्रेटरीला रडू आलं. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला, पण सूज उतरल्यापासून त्याचा चेहरा काही लपवायच्या कामाचा राहिला नव्हता.

त्या संध्याकाळनंतर गाडी त्याने रस्त्यावर लावायला सुरुवात केली. अडचण एवढीच की ठराव त्याचा होता, अर्ज त्याचा होता आणि खोकंही त्याचंच होतं. शेडसाठी पत्रे आले होते, ते अध्यक्षांच्या दवाखान्यामागे रचून ठेवले होते आणि वारा सुटला की खडखडत. मंजूर ठराव मागे घेण्याची सोय सोसायटीच्या नियमांत नव्हती. ती काढून टाकणारा नियमही त्यानेच केला होता. आता सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता, की खोकं रिकामं राहावं. रोज सकाळी तो खालून बॅटरी मारून फटीत बघे. रिकामं असे. त्याला हायसं वाटे आणि त्याच क्षणी आतून कुठेतरी दुखे. इतक्या मेहनतीने केलेलं खोकं, एकालाही आवडू नये? माणसाचं मन असं दोन्हीकडून मार खातं.

पाहणीच्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे भिंतीपाशी जमले. अध्यक्ष होते, साहेब खुर्चीसकट आले होते, शेडमध्ये ज्यांच्या गाड्या लागणार होत्या ते सगळे होते. वनअधिकारी बाई आधी वाळक्या झाडाकडे वळल्या. त्या सकाळी पाहणीच्या धांदलीत खोक्यात बघायचं राहून गेलं होतं, आणि आता सेक्रेटरीचं लक्ष खोक्याखालच्या फरशीवर गेलं. तिथे काळे दाणे पडले होते, ताजे. त्याने अगदी सहज चालत जाऊन त्यांवर पाय ठेवला आणि तो पाय तो हलवेना. मग शिडी लावायची वेळ आली तेव्हा, मीच बघतो, असं म्हणून तो कुणी काही म्हणायच्या आत वर चढला. बायकोने शिडी धरली.

बॅटरी लावून त्याने फटीतून वर पाहिलं. आत एक वटवाघूळ होतं. एकच. लांब कान मेंढ्याच्या शिंगांसारखे मागे वळवून, दोन फळ्यांच्या मधे, पाठ आणि पोट दोन्हीकडे लाकूड लावून ते आरामात बसलं होतं. भर दुपारी कुणी बेल वाजवल्यावर माणूस जसा बघतो तसं त्याने सेक्रेटरीकडे पाहिलं. हा कुणाचा तरी नवरा असणार, सेक्रेटरीला कळलं. एकटा राहायला जागा शोधत आलेला. पण कागदाला नर आणि मादी कळत नाही. निवारा स्वीकारल्यास, असं कागद म्हणत होता, आणि हा तर स्वीकारून पाय पसरून बसला होता. सेक्रेटरीला एकाच वेळी दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे अख्ख्या सोसायटीने टर उडवलेलं त्याचं खोकं उत्तम झालं होतं. दुसरी म्हणजे हे त्याला कुणालाही सांगता येणार नव्हतं.

"आहे का काही?" खालून अध्यक्षांनी विचारलं.

"रिकामं आहे," सेक्रेटरी म्हणाला.

खाली हशा पिकला. टपालाच्या पेटीत पत्रसुद्धा नाही, असं कुणीतरी म्हणालं. साहेबांनी स्वाभिमानाचं वाक्य पुन्हा सगळ्यांना ऐकवलं. सेक्रेटरी शिडीवरून उतरला तो कान लाल करून, पण मनातून त्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. नियमाप्रमाणे मलाही बघावं लागेल, असं बाई म्हणाल्या. त्याने उगीचच सांगून पाहिलं की शिडी हलते, वर गांधीलमाश्या आहेत, बॅटरी संपत आली आहे. बाई चढल्या. त्यांनी आरसा घातला. आणि वरूनच, नेहमीच्या काटकसरीने, त्या म्हणाल्या, "एक आहे की."

सगळे सेक्रेटरीकडे बघू लागले. बायकोसुद्धा. अध्यक्ष त्याच्याजवळ आले आणि सवयीने त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"झाड पाडायचा ठराव तुमचाच ना?"

"हो."

"मग?"

एरवी या माणसाकडे कुठल्याही प्रश्नाला पोटकलमांसह उत्तर असायचं. आज त्याने सगळी कलमं बाजूला ठेवली. "मला त्या तिथे हव्या आहेत," तो झाडाकडे बोट दाखवून म्हणाला. "पुढच्या वर्षीही. सगळ्या."

बाई शिडीवरून उतरून हात झटकत होत्या. त्यांना हा सगळा गोंधळ कशाबद्दल चालला आहे हेच कळेना. त्या म्हणाल्या, खोक्यातला एकटा नर आहे. झाडात अख्खी वस्ती आहे, आया आणि पिल्लं, आणि झाड काढायचं तर तिने हलायला हवं. एकटा नर आला म्हणून वस्ती हलली असं कोण म्हणेल? तसं कुणाला वाटेल हे मनातही न आल्यामुळे त्यांनी कागदावर लिहिलं नव्हतं. झाड राहील. सेक्रेटरी मटकन साहेबांच्या खुर्चीत बसला. आयुष्यात एकदाच तो चारचौघांत धडधडीत खोटं बोलला होता, पकडलाही गेला होता, आणि त्याची गरजच नव्हती.

त्याच आठवड्यात बैठक झाली. समितीची दिशाभूल केल्याबद्दल सेक्रेटरीला पदावरून दूर करावं, असा ठराव आला. त्यानेच तो नीट भाषेत लिहून दिला, कारण दुसऱ्या कुणाला तसा लिहिता येत नव्हता. मग नवा सेक्रेटरी कोण, असं अध्यक्षांनी विचारलं आणि दवाखान्यात रोग्यांच्या रांगेत असते तशी शांतता पसरली. शेवटी शिक्षा म्हणून त्यालाच पुढे चालू ठेवावं असं ठरलं. पत्र्यांची शेड पुढच्या फाटकाशी उभी राहिली आणि तिच्यात त्याच्या गाडीला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला इंजिनीअर साहेब आले. हातात मोजपट्टी होती. त्यांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, खोक्यातला नर निघताना पाहिला, झाडावरच्या माद्या निघताना पाहिल्या, यंत्र कानाला लावून बराच वेळ कुजबुज ऐकली. मग जरा खाकरून म्हणाले की त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीवरही जंगलाकडे तोंड करून थोडी जागा आहे. आपलं सहज विचारतोय, फळ्यांमधलं अंतर किती ठेवलंय?

सेक्रेटरीने त्यांच्याकडे पाहिलं. लिफ्ट आठवली, टपालाची पेटी आठवली. अंतर थोडं जास्त सांगावं असा मोह त्याला नक्कीच झाला. पण त्याने अचूक माप सांगितलं आणि त्यांच्याच मोजपट्टीवर बोट ठेवून दाखवलं, कारण त्या खोक्यात साहेब राहायला जाणार नव्हते.